दोन कोबाल्ट बजींच्या पोटी काळपट पिल्लू: हा नवा रंग आहे का?

ओंकार_कराड

नमस्कार मंडळी. गच्चीवर पत्र्याच्या शेडमध्ये माझी बजींची (बजरीगर, ते छोटे पोपट) कॉलनी आहे, बहुतेक हिरवे आणि निळे. दिवाळीनंतर एका कोबाल्ट (गडद निळ्या) जोडीला वेगळा पिंजरा दिला, कारण ती मादी दुसऱ्यांच्या अंडी घालायच्या मडक्यात घुसून मारामाऱ्या करायची. तिने पाच अंडी घातली, चार पिल्लं निघाली. दोन आईबापांसारखी गडद निळी, एक आकाशी. चौथ्याचं मात्र काही कळेना. छाती निळी म्हणावी तर नाही, राखाडी म्हणावी तर जांभळट झाक आहे, आणि रंग सगळीकडे सारखाही नाही. तोंड पांढरं, पंखांवरच्या पट्ट्या नेहमीसारख्या काळ्या.

आमच्याकडचा एक पक्षीविक्रेता घरी आला होता. त्याने बघताक्षणी सांगितलं, "हा ब्लॅक बजी आहे, नवीन म्यूटेशन." साडेतीन हजार देतो म्हणाला. द्यायचं नसेल तर याला याच्याच बहिणीबरोबर लाव, दोन पिढ्यांत लाइन पक्की होईल, असंही सांगून गेला. नर आहे असं वाटतं, नाकाचा रंग सगळीकडे सारखा गुलाबी-जांभळा आहे.

हा खरंच नवा रंग आहे का? बहिणीबरोबर लावू का? आणि ज्यांच्याकडे दुर्मीळ रंग आहेत ते लोक असे रंग तयार तरी कसे करतात? घरात पक्ष्यांतलं कळणारं कुणी नाही, म्हणून इथे विचारतोय.

रफिक_मालेगाव

भावा, इतक्यात विकू नको. हा अँथ्रासाइट असू शकतो. माझ्या ओळखीत एकाने कोलकात्याहून एक मागवला होता, अगदी काळा, गालावरचे ठिपकेसुद्धा काळे. तुझ्या पिल्लाचे गाल कसे आहेत ते बघ. फोटो टाक, पण दिवसा काढ. ट्यूबलाइटखाली सगळेच राखाडी दिसतात.

पाखरं_मिरज

ओंकार, रफिकभाईंनी नेमक्या जागी बोट ठेवलं आहे. गाल बघ. आणि गालाबरोबर शेपटीची लांब पिसं बघ. अंगाचा रंग फसवतो, या दोन जागा फसवत नाहीत.

सकाळी आठ-नऊला खिडकीशी उभा राहा. पिल्लाची पाठ तळहातावर, मान पहिल्या दोन बोटांमध्ये, छातीवर अजिबात दाब नको (पक्ष्याला श्वास घ्यायला छाती हलवावी लागते, ती दाबली तर तो हातातच जातो). दुसऱ्या हाताने शेपटीची दोन लांब पिसं अलगद बाजूला कर. गालाचे ठिपके गडद जांभळे आणि शेपटी काळपट निळी असेल, तर तो मॉव्ह. गाल करडे आणि शेपटी काळी कुळकुळीत असेल, तर ग्रे. गालही अंगाइतकेच काळपट असतील, तर रफिकभाई म्हणतात तो अँथ्रासाइट. तो जर्मनीत १९९८ च्या सुमारास पहिल्यांदा दिसला आणि आपल्याकडे अजून फारच थोड्यांकडे आहे.

माझा अंदाज विचारशील तर मॉव्ह. कारण सांगते.

आकाशी, कोबाल्ट आणि मॉव्ह हे तीन वेगळे रंग वाटतात, पण ती एकाच निळ्याची तीन रूपं आहेत. मध्ये काम करतो तो डार्क फॅक्टर, म्हणजे रंग गडद करणारा गुण. तो एकही नसेल तर आकाशी, एक असेल तर कोबाल्ट, आईकडून एक आणि बापाकडून एक असे दोन आले तर मॉव्ह. हिरव्यातही असंच चालतं: साधा हिरवा, गडद हिरवा, ऑलिव्ह. तुझे दोघेही कोबाल्ट, म्हणजे दोघांकडे एकेक. प्रत्येक पिल्लाला आकाशी होण्याची शक्यता चारात एक, कोबाल्टची चारात दोन, मॉव्हची चारात एक. तुझ्याकडे एक आकाशी, दोन कोबाल्ट आणि हा एक निघाला. चारच पिल्लांत हिशेब इतका चोख बसणं हा योगायोग आहे, पण आकाशी भावंडामुळे माझा अंदाज पक्का होतो.

ग्रे का नाही? ग्रे प्रबळ आहे, तो लपून राहत नाही. आईबापांपैकी एक तरी ग्रे दिसल्याशिवाय पिल्लू ग्रे निघत नाही. हे अर्थात बाप तोच असेल तर. मादी कॉलनीतून काढून थेट मडक्यावर बसवली असशील, तर पहिल्या एक-दोन अंड्यांचा बाप कॉलनीतला दुसरा कुणीही असू शकतो. माझ्याकडे जोडी बदलायची असते तेव्हा मादी आधी तीन-चार आठवडे नुसत्या माद्यांच्या पिंजऱ्यात राहते, मगच नवा नर. हे न पाळता कुणी "माझ्याकडे नवा रंग निघाला" म्हणालं, तर मी रंगाच्या आधी बापाची चौकशी करते.

आता बहीण. नको. मॉव्हला त्याच्या कोबाल्ट बहिणीशी लावलंस तर निम्मी पिल्लं मॉव्ह निघतील, विक्रेत्याला आनंद होईल, पण तुला त्यातून काहीच कळणार नाही. हा कोण आहे ते समजून घ्यायचं असेल तर वर्षाचा होऊ दे आणि बाहेरची, रक्ताचं नातं नसलेली साधी आकाशी मादी आण. एवढं एकच लग्न पुरतं. मॉव्ह असेल तर सगळी पिल्लं कोबाल्ट, आकाशी एकही नाही. ग्रे असेल तर निम्मी किंवा सगळी ग्रे. आणि खरोखर नवा, सुप्त (आई आणि बाप दोघांकडून आला तरच दिसणारा) गुण असेल तर पिल्लांत तो कुठेच दिसणार नाही. तेव्हा लोक निराश होऊन सगळी पिल्लं विकून टाकतात आणि रंग तिथेच संपतो. सुप्त गुण त्या साध्या दिसणाऱ्या पिल्लांच्या पोटात असतो, त्यांनाच आपण स्प्लिट म्हणतो. त्यातली एक मादी बापाशी लावली, तर निम्म्या पिल्लांत रंग परत दिसतो. जवळच्या नात्यात लग्न लावायचं ते एवढ्या एका वेळी, तेही हेतू ठरवून. त्यानंतर लगेच बाहेरचं धट्टंकट्टं रक्त आणायचं.

तुझा तिसरा प्रश्न मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. रंग तयार कुणीच करत नाही, ओंकार. तो आपोआप निघतो. आपल्या हातात असतं ते वेळेत ओळखणं आणि जपणं.

ऑस्ट्रेलियाच्या रानातला बजी हिरवा. जॉन गूल्डने १८४० मध्ये तो जिवंत इंग्लंडला नेला आणि पुढच्या काही दशकांत युरोपभर पिंजऱ्यांतून त्याची पैदास सुरू झाली. हिरवा रंग दोन गोष्टींचा मिळून बनतो. पिसाच्या आतल्या रचनेमुळे आणि त्याखालच्या काळ्या रंगद्रव्यामुळे निळा उजेड परततो, आणि वरच्या थरात पिवळं रंगद्रव्य असतं. पिवळं गेलं की पक्षी निळा दिसतो. काळं गेलं की पिवळा, लाल डोळ्यांचा ल्युटिनो. दोन्ही गेलं की पांढरा अल्बिनो. बजींमधले बहुतेक रंग या दोन-तीन गोष्टी कमी होण्यातून, बदलण्यातून किंवा अंगावर वेगळ्या वाटल्या जाण्यातून आलेत. २०१७ मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांनी निळ्या बजीतला तो एक जनुकच शोधून काढला: त्यात एका जागी बदल झाला की पिवळं द्रव्य बनणंच थांबतं. एवढ्याशा बदलातून आकाशी, कोबाल्ट, मॉव्ह आणि व्हायोलेट ही सगळी निळी घराणी उभी राहिली.

आणि म्हणूनच लाल बजी नाही. इतर बऱ्याच पोपटांच्या पिसांत लाल रंग असतो, बजीच्या पिसांत तो मुळातच नाही. बाजारात लाल किंवा गुलाबी बजी दिसला तर तो रंगवलेला आहे. घेऊ नकोस, आणि जमलं तर विकणाऱ्याला तिथेच खडसाव. त्या रंगाने पक्षी आजारी पडतात.

पहिले निळे बजी बेल्जियममध्ये १८८० च्या आसपास निघाले. लोकांना ते आवडले, पण निळा सुप्त असतो हे तेव्हा कुणालाच ठाऊक नव्हतं. निळ्याला हिरवा लावला की सगळी पिल्लं हिरवी निघणार! पुढे ते जवळजवळ दिसेनासेच झाले. १९१० मध्ये लंडनच्या प्रदर्शनात निळे आले तेव्हा लोक नवलाने बघत राहिले. नंतर १९२० च्या दशकात जर्मनीतल्या ब्रेमेन गावात हान्स डुंकर नावाचे शाळामास्तर आणि क्रेमर नावाचे श्रीमंत व्यापारी एकत्र आले. पक्षी आणि पिंजरे क्रेमर यांचे, वह्या डुंकर यांच्या. कोणत्या जोडीला किती आणि कोणत्या रंगाची पिल्लं झाली ते लिहून ठेवून त्यांनी बजींच्या रंगांचे नियम मांडले. आज तू-मी "चारात एक" असं सहज म्हणतो, ते या मेहनतीमुळे.

त्याच दशकात जपानात निळ्या बजींचं वेड पसरलं होतं, भाव आभाळाला भिडले आणि मग कोसळले. दुर्मीळ रंगाचा भाव पैदास वाढेपर्यंतच टिकतो, कारण दर हंगामाला त्याचीच पिल्लं बाजारात येतात. पैशासाठी या वाटेला जाणाऱ्याला मी आधी हेच सांगते.

स्पँगल या रंगप्रकाराचंही बघ. १९७० च्या दशकात ऑस्ट्रेलियात निघाला, एका आईकडून किंवा बापाकडून आला तरी अंगावर दिसतो, म्हणून थोड्या वर्षांत जगभर पोचला. हॉलंडमध्ये निघालेला ब्लॅकफेस मात्र सुप्त. तो अजून मूठभर लोकांकडेच आहे आणि त्यांनाही तो धट्टाकट्टा ठेवायला झगडावं लागतं.

माझी कळकळ इथेच आहे. नवा रंग बहुधा एकाच पक्ष्यात निघतो, आणि लोक त्या एका जीवाला पिळून काढतात. मादी असेल तर एकामागून एक अंडी घ्यायला लावतात. कॅल्शियम संपतं, अंडं पोटात अडकतं, सकाळी पिंजऱ्याच्या तळाशी फुगून बसलेली सापडते. रंगही गेला, मादीही गेली. माझ्याकडे कोणत्याही मादीला वर्षाला दोन वेळाच, मग ती कितीही दुर्मीळ असो. समुद्रफेस पिंजऱ्यात बाराही महिने टांगलेला असतो, अंड्यांच्या आधी महिनाभर उकडलेलं अंडं आणि भिजवलेले राळे. आणि नव्या रंगाला जोडीदार देताना मी रंगीत पक्षी शोधत नाही, थोराड हाडाचा साधा हिरवा शोधते. रानातल्या पक्ष्याचा रंग तो, ताकद अजून त्याच्यातच आहे.

वहीत माझी एक ओळ अशी असते (रिंग म्हणजे पायातलं नंबराचं कडं): "नर कोबाल्ट रिंग १४, आई मॉव्ह. मादी आकाशी रिंग ३१, मागच्या महिन्यात बाहेरून. अंडी ६, फुकट १, पिल्लं ५, सहाव्या-सातव्या दिवशी रिंगा घातल्या. आकाशी २, कोबाल्ट ३." रंग पिसं फुटल्यावर भरते. पाचव्या ते दहाव्या दिवसात बंद रिंग घातली नाहीस तर नंतर ती पायात जात नाही, आणि रिंग नसली की वहीतल्या ओळीला अर्थ राहत नाही.

गाल आणि शेपटी बघून लिही.

ओंकार_कराड

ताई, सकाळी तुम्ही सांगितलंत तसं धरून बघितलं. गाल गडद जांभळे, शेपटी काळी वाटली होती, पण उजेडात निळी दिसते. भावंडांची शेपटी शेजारी धरली तर याची त्यांच्याहून गडद आहे. मादी कॉलनीतून काढून आठवड्याच्या आत मडकं लावलं होतं, पण सगळ्यात लहान पिल्लू हेच आहे, म्हणजे शेवटच्या अंड्यातलं. विक्रेत्याचा दोनदा फोन आला, मी नाही म्हणालो. मॉव्ह असेल तर याची किंमत काही नाही का?

मृण्मयी_डोंबिवली

मध्येच विचारते, माफ करा. माझ्याकडे एक नर आहे, छातीच्या बरोबर मध्यातून रेघ मारल्यासारखा डावीकडे हिरवा आणि उजवीकडे निळा. सोसायटीतली मुलं रोज बघायला येतात. याची पिल्लं अशीच निघतील का? आणि माझ्या ल्युटिनो मादीला साध्या हिरव्या नरापासून एकही पिवळं पिल्लू का झालं नाही?

पाखरं_मिरज

मृण्मयी, तुझा नर हाफसायडर आहे. असा पक्षी बघायला मिळणं भाग्याचं, पण अंगाची ती वाटणी पिल्लांकडे जात नाही. अंड्यात अगदी सुरुवातीला पेशींची दोन वेगळी घराणी एकत्र वाढली की असं अंग बनतं, तो एका जन्मापुरता प्रकार. त्याला मुलांसाठी सांभाळ, पैदाशीच्या मागे लागू नकोस.

ल्युटिनोचं कारण सरळ आहे. हा गुण नर-मादी ठरवणाऱ्या झेड गुणसूत्रावर बसलेला असतो. पक्ष्यांत नराकडे अशी दोन गुणसूत्रं, मादीकडे एकच. तुझी मादी आपलं एकुलतं एक झेड मुलग्यांना देते, मुलींना देतच नाही. म्हणून मुलगे दिसायला हिरवे पण स्प्लिट, आणि मुलींकडे ल्युटिनोचा मागमूस नाही. त्या हिरव्या मुलग्यांपैकी एकाला बाहेरची साधी हिरवी मादी दे, पुढच्या पिढीत निम्म्या मुली पिवळ्या निघतील. बापच ल्युटिनो आणि आई साधी हिरवी असती, तर पहिल्याच वेळी सगळ्या मुली पिवळ्या झाल्या असत्या. ओपलाइन आणि सिनॅमन हे रंगप्रकारही याच गुणसूत्रावर चालतात. कुणी "स्प्लिट ल्युटिनो मादी" विकत असेल तर घेऊ नकोस, तशी मादी असूच शकत नाही. सिनॅमन आणि ल्युटिनो हे दोन्ही गुण क्वचित एकाच झेडवर शेजारी येऊन बसतात, तेव्हा लाल डोळ्यांचा, अंगावर फिकट तपकिरी नक्षीचा लेसविंग मिळतो. माझ्या मते दोन गुण जुळून झालेल्या पक्ष्यांमध्ये सगळ्यात देखणा तोच.

ओंकार, विकला नाहीस, फार बरं केलंस. शेवटचं अंडं म्हणजे बापाचा प्रश्नही जवळजवळ मिटला, तोपर्यंत कॉलनीतल्या नराचं काही उरलं नसणार.

मॉव्हला बाजारात कुणी विचारत नाही, कारण तो मळकट दिसतो. पण ज्याला व्हायोलेट हवा त्याच्यासाठी हा पक्षी सोन्याचा आहे. व्हायोलेट हा वेगळा, प्रबळ फॅक्टर. तो खरा खुलतो कोबाल्टच्या अंगावरच, तोच तो गडद जांभळा बजी ज्याच्या मागे लोक वेडे होतात. आकाशीच्या अंगावर तो फॅक्टर आला तर पक्षी कोबाल्टसारखाच दिसतो आणि बरेच जण त्याला कोबाल्ट म्हणूनच विकतात. आता हिशेब कर. तुझ्या मॉव्हला अशी व्हायोलेट फॅक्टरची आकाशी मादी मिळाली, तर प्रत्येक पिल्लू कोबाल्ट, कारण मॉव्ह प्रत्येकाला एक डार्क फॅक्टर देणारच. त्यातल्या निम्म्यांवर व्हायोलेट येईल आणि ती सगळी खरी जांभळी दिसतील. दोन जांभळे एकमेकांना लावूनही इतका चांगला हिशेब बसत नाही, तिथे आकाशी आणि मॉव्ह निघून वाटा कमी होतो.

मादी निवडताना तिच्या आईबापांचे रंग विचार. दोघांपैकी एकही कोबाल्ट किंवा मॉव्ह नसून आणि एक व्हायोलेट घराण्यातला असूनही ती कोबाल्टसारखी दिसत असेल, तर तीच ती. विकणाऱ्याकडे वही नसेल तर दोन पैसे जास्त देऊन वही ठेवणाऱ्याकडून घे.

पण हे सगळं पुढच्या हिवाळ्यात. आता त्याला उडायला लांब पिंजरा दे, पहिली पिसं झडू देत, कपाळावरच्या पट्ट्या मागे हटल्या की नाक पुन्हा बघ, निळं व्हायला लागलं असेल तर नर नक्की. भावंडांना रिंगा नसतील तर आजच चौघांचे फोटो काढून वहीत चिकटव आणि त्यांच्या पिंजऱ्यांना नंबर दे.

रफिक_मालेगाव

ताई, आकाशीवरच्या व्हायोलेटचं मला माहीत नव्हतं. माझ्याकडे एक "कोबाल्ट" मादी आहे, तिची आई आकाशी आणि बाप व्हायोलेट. ती यातली असू शकते का?

पाखरं_मिरज

असू शकते, पण साधी कोबाल्टही असू शकते, कारण जांभळ्या बापाकडे डार्क फॅक्टर आहेच. साध्या आकाशी नराला लावून बघा. पिल्लांत खरा जांभळा एकही नाही, नुसती आकाशी आणि कोबाल्टसारखी, तर दोन्ही शक्यता उरतात. म्हणून त्यापेक्षा तिला मॉव्ह नर द्या: जांभळं पिल्लू निघालं तर व्हायोलेट तिच्यात आहे, आणि मॉव्ह निघालं तर ती कोबाल्ट आहे. सात-आठ पिल्लं झाली तरी मॉव्ह एकही नाही आणि जांभळी निम्मी, तर ती ओंकार शोधतोय ती मादी. कराड-मालेगाव अंतर बरंच आहे, पण ओंकारचा नर वर्षाचा झाला की तुम्ही दोघं बोलून घ्या. पाठवायचा झालाच तर उन्हाळा सोडून, आणि सोबत माणूस असेल तरच.

ओंकार_कराड

रफिकभाई, मी तयार आहे. पिल्लं निघाली तर निम्मी तुमची. वही आज आणली, पहिलं पान लिहून झालं.